विद्येचे दार

इ. स. २०१२ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी विद्यापीठाच्या फाटकासमोर आदल्या रात्रीपासून तरुण मुलामुलींची आणि त्यांच्या आईबापांची लांबच लांब रांग लागली होती. नेहमीचे प्रवेश पूर्ण होऊन थोड्याशा जागा शिल्लक उरल्या होत्या. त्यांपैकी एक आपल्यास मिळावी, या आशेने हजारो माणसे रात्रभर तेथे तिष्ठत उभी राहिली. सकाळी फाटक उघडताच सर्वांनी एकदम आत धाव घेतली. त्या चेंगराचेंगरीत कित्येक जखमी झाले आणि एका मुलाची आई मृत्यू पावली. ज्या दारातून मुलाने आत जावे म्हणून ती माउली आली होती, त्या दारापाशीच तिचा अंत झाला.

विद्येची तहान एवढी मोठी आणि विद्येची दारे एवढी थोडी, असे का असावे? हा प्रश्न अनेकांच्या मनात येऊन जातो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपली सारी विद्या कामी लावणारी माणसे विरळाच. जोहान्सबर्गची ही हकीकत त्याच वर्षी आपल्या एका व्याख्यानात सांगणाऱ्या डॉ. डॅफ्नी कोलर या अशा विरळा माणसांपैकी एक होत. त्या संगणकशास्त्रज्ञ आहेत.

कोलरबाईंचा जन्म २७ ऑगस्ट १९६८ रोजी जेरुसलेम येथे झाला. त्यांचे आईवडील दोघेही विद्याव्यासंगी. वडील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ही चिमुरडी बागडत असे. घराण्यात डॉक्टरेट मिळविणारी कोलरबाईंची ही तिसरी पिढी. वयाच्या सतराव्या वर्षी त्या जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि अठराव्या वर्षी त्यांनी पदव्युत्तर पदवीही संपादन केली. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना इ. स. १९९३ मध्ये मिळाली. दोन वर्षे बर्कली येथे संशोधन केल्यानंतर १९९५ मध्ये त्या स्टॅनफर्ड येथेच अध्यापक म्हणून रुजू झाल्या.

त्यांच्या संशोधनाचा विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे यंत्राला विचार करावयास शिकविण्याचे शास्त्र. या शास्त्राच्या आरंभीच्या काळात पुष्कळ पंडितांनी यंत्रास नियम शिकविण्याचा मार्ग धरला होता. ‘अमुक असेल, तर तमुक समजावे’ अशा नियमांच्या लांबलचक याद्या ते तयार करीत. बुद्धिबळाच्या पटावर हा मार्ग चालून जातो, कारण तेथे सर्व काही निश्चित असते. व्यवहारात तसे नसते. ताप आलेल्या प्रत्येक रोग्यास हिवताप झालेला नसतो आणि आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडतोच असेही नाही. म्हणून शहाण्या माणसास नियमांइतकीच अंदाजाचीही गरज भासते. हा अंदाज यंत्राने नीट हिशेबाने कसा बांधावा, हा कोलरबाईंच्या अभ्यासाचा गाभा होय.

आपल्या रोजच्या जीवनातील एक उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. पहाटे तुम्ही दार उघडून बाहेर येता आणि अंगण ओले दिसते. रात्री पाऊस पडला असेल, की आईने सडा घातला असेल? महिना आषाढाचा असेल तर तुमचे मन पावसाकडे झुकेल. माघाचा असेल तर सड्याकडे. इतक्यात तुमची दृष्टी रस्त्यावर जाते. रस्ताही दूरवर ओला आहे. सडा काही कोणी गावभर घालीत नाही! मग पाऊसच पडला असावा, असे तुम्ही ठरविता. आता एक गंमत पाहा. पाऊस पडल्याची खात्री पटताच, सडा घातला असेल ही शंका आपोआप मावळत जाते. कारण अंगण ओले होण्याचे एक पुरेसे कारण सापडलेले असते. वास्तविक रात्रीच्या पावसाने आईचा हात काही धरलेला नव्हता. तरीही एका गोष्टीच्या माहितीने दुसऱ्या गोष्टीविषयीचा आपला अंदाज बदलला.

असे विचार आपण क्षणार्धात करतो. यंत्राला मात्र ते पायरीपायरीने शिकवावे लागतात. त्यासाठी प्रत्येक गोष्ट एका बिंदूने दाखवितात आणि कारणापासून परिणामाकडे बाण काढतात. पाऊस या बिंदूपासून एक बाण अंगणाकडे व एक रस्त्याकडे जाईल. सड्यापासून केवळ अंगणाकडे. कोणती गोष्ट किती प्रमाणात संभवते, त्याचे आकडेही या आकृतीस जोडतात. अशी आकृती म्हणजे संभाव्यतेचे जाळेच. त्याचा उपयोग केवढा, ते एका हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, तीस गोष्टींचा विचार करावयाचा आहे आणि प्रत्येकीचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर संभवते. तरीही या उत्तरांच्या निरनिराळ्या जुळण्या शंभर कोटींहून अधिक होतात. त्या एकेक करून मांडणे संगणकासही जड जाते. जाळ्यात मात्र प्रत्येक गोष्टीचा संबंध तिच्या निकटच्या कारणांशीच जोडलेला असतो. त्यामुळे काम आटोक्यात येते. या जाळ्यांचा पाया इ. स. १९८० नंतरच्या दशकात ज्यूडिया पर्ल या शास्त्रज्ञांनी घातला. अशी जाळी अधिक गुंतागुंतीच्या विषयांस कशी लावावीत आणि मिळालेल्या माहितीवरून यंत्राने ती आपली आपण कशी विणावीत, हे दाखविण्यात कोलरबाईंचा मोठा वाटा आहे. नीर फ्रीडमन यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो बाराशेंहून अधिक पृष्ठांचा आहे.

या विद्येचा रोग्यांसही उपयोग झाला. कर्करोगाची गाठ किती घातक आहे, हे ठरविताना डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी तपासतात. कोलरबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकास अशा चित्रांतील हजारो बारीकसारीक लक्षणे मोजावयास लावली. इ. स. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. स्तनांच्या कर्करोगात रोगी किती काळ जगेल, याची सूचना रोगट पेशींप्रमाणेच त्यांच्या भोवतालच्या ऊतींतूनही मिळत होती. लक्षणे यंत्राने मोजली, म्हणून ती तज्ज्ञांच्या ध्यानात आली.

अशा कार्याबद्दल कोलरबाईंना इ. स. २००४ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. भारतातील इन्फोसिस संस्थेच्या देणगीतून संगणकशास्त्रज्ञांसाठी एक पारितोषिक सुरू झाले होते. त्याच्या पहिल्या मानकरीही त्याच ठरल्या.

एवढा लौकिक मिळाल्यावर दुसरे कोणी त्यातच समाधान मानले असते. कोलरबाईंचे लक्ष मात्र आपल्या वर्गाकडे होते. शिक्षकाने दरवर्षी तेच व्याख्यान द्यावे आणि विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने उतरून घ्यावे, यात दोघांचाही वेळ व्यर्थ जातो असे त्यांना वाटे. व्याख्यानाची चित्रफीत विद्यार्थ्यांनी घरी पाहावी आणि वर्गातील वेळ प्रश्नोत्तरांस व चर्चेस द्यावा, असे प्रयोग स्टॅनफर्ड येथे सुरू झाले. चित्रफीत एकदा तयार झाली, की ती पन्नास जणांनी पाहिली काय आणि पन्नास हजारांनी पाहिली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. मग ती जगापासून का लपवावी?

इ. स. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या अध्यापकांनी तीन अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांस विनामूल्य खुले केले. प्रत्येकास सुमारे एक लाख किंवा त्याहूनही अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांपैकी एक अभ्यासक्रम कोलरबाईंचे सहकारी अँड्र्यू इंग यांचा होता. विद्यापीठात त्यांच्या वर्गास दरवर्षी चारशे विद्यार्थी बसत. त्या हिशेबाने एक लाख विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी त्यांना अडीचशे वर्षे शिकवीत राहावे लागले असते! पुढील वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, कोलरबाई आणि इंग या दोघांनी मिळून ‘कोर्सेरा’ ही संस्था स्थापन केली. थोड्याच महिन्यांत १९० देशांतील ६ लाख ४० हजार विद्यार्थी तीत दाखल झाले.

दार तर उघडले. परंतु आत आलेल्यास शिकवावयाचे कसे? येथेच खरी कसोटी होती. शिक्षक वर्गात असतो तेव्हा विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्याला समजले की नाही, हे ओळखतो. लाखो विद्यार्थ्यांचे चेहरे कोण पाहणार? बेंजामिन ब्लूम या शिक्षणशास्त्रज्ञांनी इ. स. १९८४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. ज्या विद्यार्थ्यास स्वतंत्र शिक्षक मिळतो, असा सामान्य बुद्धीचा विद्यार्थीदेखील नेहमीच्या वर्गातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव विद्यार्थ्यांच्या पुढे जातो, असे त्यांना आढळले होते. पुढील अभ्यासकांना हा लाभ एवढा मोठा दिसला नाही. तथापि तो आहे, याविषयी दुमत नाही. प्रत्येक मुलास स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही समाजास परवडणारे नाही. म्हणून त्या शिक्षकाचे निदान काही गुण यंत्रात आणता येतील काय, हे पाहणे आवश्यक होते.

पहिला उपाय साधा होता. तासाभराच्या व्याख्यानाऐवजी आठ ते बारा मिनिटांचे लहान लहान पाठ केले आणि मधूनमधून चित्रफीत थांबवून प्रश्न विचारला. केवळ वारंवार वाचण्यापेक्षा, वाचलेले आठवून सांगण्याने ज्ञान अधिक पक्के होते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी सिद्ध केलेले आहे. पुस्तक मिटून ‘आता मी काय वाचले?’ असे स्वतःस विचारून पाहावे. त्याचा प्रत्यय कोणासही येईल. शिवाय यंत्र कंटाळत नाही. उदाहरण चुकले, तर ते पुन्हा सोडविण्यास देते आणि साध्य होईपर्यंत देत राहते.

दुसरा लाभ विद्यार्थ्यांच्या संख्येनेच करून दिला. शंभरांच्या वर्गात दोघांनी सारखीच चूक केली, तर ती शिक्षकाच्या नजरेतून निसटते. इंग यांच्या अभ्यासक्रमात एका उदाहरणाचे एकच चुकीचे उत्तर दोन हजार विद्यार्थ्यांनी दिले. शोध घेतला, तेव्हा दोन पायऱ्यांची उलटापालट झाल्याने ही चूक होत असल्याचे कळले. मग ती चूक करणाऱ्यास नेमकी तीच गोष्ट समजावून सांगण्याची व्यवस्था करता आली. चूक लपविण्याची वस्तू नसून पुढच्याला वाट दाखविणारी खूण आहे, हा या घटनेचा धडा होय.

तिसरी अडचण निबंध व चित्रे तपासण्याची. गणिताचे उत्तर यंत्र तपासू शकते, परंतु मोकळ्या मनाने रचलेल्या कृतीस गुण कोणी द्यावेत? तेव्हा विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे काम तपासावे, अशी योजना केली. आता सर्वच परीक्षक सारखे नसतात. कोणी हात राखून गुण देतो, कोणी सढळ हाताने देतो, तर कोणी धड न वाचताच आकडा टाकून मोकळा होतो. अशा गुणांवर विश्वास कसा ठेवावा? येथे कोलरबाईंची जुनी विद्या कामी आली. कृतीची खरी योग्यता ही रात्रीच्या पावसाप्रमाणे न दिसणारी गोष्ट. मिळालेले गुण हे दिसणारे ओले अंगण. परीक्षकाने इतर कृतींस कसे गुण दिले आणि त्याच कृतीस इतरांनी कसे दिले, हे ताडून पाहिले म्हणजे कोण कठोर, कोण उदार आणि कोण निष्काळजी याचा अंदाज बांधता येतो. कोलरबाई, इंग व त्यांच्या विद्यार्थ्यांनी साठ हजारांहून अधिक गुणनोंदी अभ्यासून ही पद्धत इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. केवळ मधला आकडा घेण्यापेक्षा या रीतीने गुण अधिक न्याय्य लागतात, असे दिसून आले.

या सर्व कार्याचे कौतुक करताना त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. २०१३ मध्येच पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने आपल्या सोळा अभ्यासक्रमांची तपासणी केली, तेव्हा नाव नोंदविणाऱ्या शंभर जणांपैकी सरासरी अवघे चार जण शेवटपर्यंत टिकल्याचे आढळले. काहींनी केवळ कुतूहलाने डोकावून पाहिले असेल हे खरे. परंतु पुष्कळ जण मध्येच एकटे पडून थकले असतील, हेही तितकेच खरे. शिवाय शिकणाऱ्यांत बहुतेकांजवळ आधीच एखादी पदवी होती. ज्यांच्यासाठी दार उघडले, ते त्या दारापर्यंत फार थोडे पोचले होते. पुढे प्रमाणपत्रांसाठी आणि कित्येक अभ्यासक्रमांसाठी शुल्कही आकारले जाऊ लागले. कोलरबाईंनी २०१६ मध्ये ही संस्था सोडली. यंत्रबुद्धीच्या साह्याने नवी औषधे शोधण्यासाठी २०१८ मध्ये त्यांनी ‘इन्सित्रो’ ही कंपनी स्थापन केली.

दूर राहणाऱ्यास घरबसल्या विद्या मिळावी, हा विचार आपल्याकडेही नवा नाही. नाशिक येथे इ. स. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद प्रसिद्धच आहे. मुंबईच्या आय. आय. टी. सह देशातील अग्रगण्य संस्थांनी २००३ पासून आपल्या अध्यापकांची व्याख्याने सर्वांस उपलब्ध करून देण्याचे कार्य आरंभिले आणि २०१७ मध्ये भारत सरकारने ‘स्वयम्’ ही योजना सुरू केली. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा या साधनांचे मोल सर्वांस कळले. त्याचबरोबर, ज्या घरी फोन नव्हता किंवा एकच फोन तीन भावंडांत होता, त्या घरच्या मुलांचे काय हाल झाले, हेही सर्वांनी पाहिले.

जोहान्सबर्गच्या त्या माउलीसारखे मरण पुन्हा कोणास येऊ नये, म्हणून विद्येची दारे वाढली पाहिजेत. त्यासाठी कोलरबाईंसारख्या शास्त्रज्ञांची बुद्धी हवी आणि गावोगावी साधने पोचविणारी समाजाची इच्छाही हवी. आणखी एक गोष्ट हवी. ती यंत्र देऊ शकत नाही. थकलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवून ‘आणखी एकदा प्रयत्न कर’ असे म्हणणारे माणूस त्यास जवळ हवे. ते माणूस शिक्षकच असले पाहिजे असे नाही. शेजारच्या बाकावरील मित्रही ते काम करू शकतो. तुम्हांस जे समजले, ते न समजलेल्या सोबत्यास समजावून सांगाल, तर विद्येचे एक दार तुम्हीही उघडलेत असे होईल.

शब्दार्थ

तिष्ठत – वाट पाहत. विद्याव्यासंगी – सतत अभ्यास करणारा. संपादन करणे – मिळविणे. संभाव्यता – एखादी गोष्ट घडण्याचे प्रमाण. ऊती – एकाच प्रकारच्या पेशींचा समूह. पाठ्यवृत्ती – अभ्यासासाठी दिले जाणारे द्रव्यसाह्य. दुमत – मतभेद. ब्रीद – संस्थेने स्वीकारलेले ध्येयवाक्य.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) जोहान्सबर्ग येथे लोक रात्रभर रांगेत का उभे राहिले?
(आ) केवळ नियम शिकवून यंत्राचे काम का भागत नाही?
(इ) दोन हजार विद्यार्थ्यांच्या एकाच चुकीचा उपयोग कसा झाला?

२. अंगण ओले दिसण्याचे उदाहरण आणि परस्परांचे काम तपासण्याची पद्धत यांत कोणते साम्य आहे, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. एका शिक्षकाच्या वर्गात दरवर्षी साठ विद्यार्थी बसतात. तीन हजार विद्यार्थ्यांस शिकविण्यास त्यांना किती वर्षे लागतील?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळेझाक करणे, हात राखून देणे, आटोक्यात येणे, कामी येणे.

५. ‘इंटरनेटवरून मिळणारे शिक्षण शाळेची जागा घेऊ शकेल काय?’ या विषयावर वर्गात दोन गट करून चर्चा करा. दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांची नोंद वहीत करा.

६. हा पाठ एकदा वाचून पुस्तक मिटा व आठवतील तेवढे मुद्दे लिहून काढा. दुसऱ्या दिवशी हीच कृती पुन्हा करा आणि दोन्ही याद्यांची तुलना करा.